गुणी मुलीचा अर्ज

शाळेला एका परदेशी शाळेबरोबर विद्यार्थ्यांची अदलाबदल करायची होती. एक योजना तीन आठवड्यांची, दुसरी चक्क वर्षभराची, आणि कुठली घ्यायची ते ठरवणार होती पालक समितीची अध्यक्ष, म्हणजे चिमणीची आई. चिमणीचा सगळा जीव वर्षभराच्या योजनेत अडकला होता आणि आई तीन आठवड्यांवरून तसूभरही हलत नव्हती.

शेवटी चिमणीने हुकमाचा पत्ता काढला. तिच्याऐवजी घरी राहायला येणाऱ्या परदेशी मुलीचा अर्ज तिने आईला मोठ्याने वाचून दाखवला. "पहाटे आपणहून उठते. पांघरुणाची घडी घालते. भांडी घासते, तीही गाणं गुणगुणत. उलट उत्तर कधीच देत नाही."

आईने गॅस बंद केला. "ते भांड्यांचं परत वाच बघू."

दुसऱ्या दिवशी वर्षभराची योजना पक्की झाली. संध्याकाळी आई चिमणीचा अर्ज भरायला बसली, तेव्हा चिमणी मागून डोकावली आणि गारच पडली. "आई, मी पहाटे उठते? सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करते? अगं, कुणाबद्दल लिहितेयस तू?"

"गप गं. परक्या घरी पाठवायचंय तुला, खरं लिहून कसं चालेल? जगातली कुठलीही आई असंच लिहील," असं म्हणता म्हणता आईचं पेन थांबलं.



तिने त्या गुणी मुलीचा अर्ज पुढे ओढला आणि खाली सही कुणाची आहे ते पाहिलं. त्या मुलीच्या आईची होती.