दारापाशी

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिलाई मशिनी धडधडू लागल्या की वेणू पुटपुटायला लागायची. घर पेटलं ती दुपार, तो धूर, आतून येणारी लेकीची हाक. एवढ्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार होतं?

आज अचानक लाइट गेली आणि कारखान्यात तिचा एकटीचाच आवाज उरला, "मी दारापाशी पोचले, तर..."

वेणूने ओठ घट्ट मिटले.

"बोल ना," शेजारच्या मशिनीवरची द्रौपदी म्हणाली.

"काही नाही, मावशी. उगाच बडबड."

"मशिनीवर बसून आम्ही सगळ्या ओठ वाचायला शिकलो, बाय. रोज ऐकतो तुझं. रोज तू दारापाशीच थांबतेस."

लाइट आली. "चलो, चालू करो," शेठ ओरडला. एकीनेही पायडलवर पाय ठेवला नाही.

"आज आत जा," द्रौपदी म्हणाली. "आम्ही आहोत मागे."