बसलेला बैल

"हा हात काय म्हणतो?" निवृत्ती फिटरने विचारलं.

गिरणीत भात पाखडणाऱ्या सरूबाईने पदराला हात पुसले आणि वाकून पाहिलं. भाताच्या गिरणीतल्या नव्या यंत्राच्या पत्र्यावर चार काळी बटणं होती. प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षरं. त्या अक्षरांवर निवृत्ती सकाळपासून पांढऱ्या रंगाने चित्रं काढत होता. भात सोडायच्या बटणाखाली लोंबी, पंख्याच्या बटणाखाली सूप. चालू करायचं बटण अजून कोरंच होतं. शेवटच्या बटणाखाली त्याने उभारलेला पंजा काढला होता.

"भिऊ नको म्हंतोय," सरूबाई म्हणाली. "आमच्या विहारातल्या मूर्तीचा हात असाच हाय."

"अगं बाई, थांब म्हणतोय!"

"मला बी आशीर्वादच वाटला," कोंडू हळूच म्हणाला. बटणं दाबायचं काम त्याचं होतं.

निवृत्तीने ब्रश डब्यात आपटला. गेल्या सोमवारी हमाल सावळाची बाही यंत्राच्या पट्ट्यात अडकली, तेव्हा कोंडू धावत आला होता. पण घाईत त्याला बंद करायचं बटण ओळखू आलं नाही. त्याने पंखा लावला. सावळाची दोन बोटं गेली. शेठ म्हणाले होते, आज चित्रं जमली तर ठीक, नाहीतर उद्यापासून बटणावर मॅट्रिक झालेला माणूस ठेवतो. कोंडूने घरी बसावं.

"मग थांब कसं काढू? तूच सांग," निवृत्ती म्हणाला.

बाहेरून गाडीवान बहिरूचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्याची गाडी फाटकातच अडली होती. एक बैल जुवाखाली बसला होता आणि बहिरू शेपटीला पीळ देऊन दमला तरी उठत नव्हता.

"त्यो बघा!" सरूबाई एकदम ओरडली. "भाऊ, बसलेला बैल काढा! बैल बसला की समदं थांबलं!"

"व्हय!" कोंडूने मांडीवर थाप मारली. "आन चालू म्हंजी चालता बैल!"

निवृत्तीने रॉकेलच्या चिंधीने पंजा पुसून टाकला. बैल काढला. तो डुकरासारखा दिसला. पुसून दुसरा काढला. आता बैल झाला, पण बसला आहे की उभा आहे, ते कळेना.

"पाय काढूच नका," सरूबाई म्हणाली. "पाय दिसले की त्यो चालतो." तिने त्याच्या हातातून ब्रश घेतला. एक वशिंड, दोन शिंगं, खाली सपाट रेघ. चालू करायच्या बटणाला तोच बैल, पण फाकलेले चार पाय. पाच मिनिटांत झालं.

शेठ गादीवरून उठून आले. "चित्रांचा अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. पारखायला नवं माणूस आणा."

भात भरडायला आलेल्या बायांच्या रांगेत टाकव्याच्या वरच्या ठाकरवाडीतली भागूबाई उभी होती, डोक्यावर भाताची पाटी घेऊन. विजेचं बटण तिने कधी शिवलं नव्हतं. निवृत्तीने तिची पाटी उतरवून घेतली.

"मावशी, ही गिरणी चालू करायची, मग बंद करायची. कुणी सांगणार नाही. चित्रं बघून करा."

"मला करंट बसंल."

"नाही बसत."

भागूबाईने चित्रांवरून सावकाश नजर फिरवली. मग डोळे मिटून चालत्या बैलावरचं बटण दाबलं.

गिरणी गडगडली. छपरावरून भुसा गळू लागला. पट्टा फिरायला लागला, तसा हाताला फडकं बांधलेला सावळा भिंतीला जाऊन टेकला. भागूबाईने दोन्ही कानांवर हात दाबले. कोंडूच्या तोंडून काहीतरी निघालं, पण त्या आवाजात ते त्यालाही ऐकू आलं नाही.

भागूबाईने कानांवरचे हात काढले. पत्र्याजवळ तोंड नेलं. एकदा सुपाकडे पाहिलं, एकदा लोंबीकडे. मग शेवटच्या बटणावर अंगठा रोवला.

पट्टा मंदावला आणि थांबला.

"बसला!" भागूबाई ओरडली. "बसला गं बाई!"

सगळी गिरणी हसायला लागली. कोंडूने तोंड फिरवून डोळे पुसले. शेठ त्याला म्हणाले, "उद्या वेळेवर ये." ते वळतात न वळतात तोच गिरणी पुन्हा गडगडली. आणि थांबली. आणि पुन्हा सुरू झाली.

"मावशी, पुरे! मोटर जळेल!" शेठ ओरडले.

भागूबाईने गिरणी बसवली, पण अंगठा काही बटणावरून काढला नाही.

"थांबा वो शेठ," ती म्हणाली. "जल्मात माजं कुनी असं ऐकलं न्हाई."

तिच्या मागे उभ्या असलेल्या बायांनी एकेक करून डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवल्या आणि त्या बटणांकडे सरकल्या.