गालांवरचा गुलाबी

१९९१ साली कारंजा घाडगेला आमचा स्टुडिओ होता. रंगीत फोटो तेव्हा महाग पडे. माझे यजमान काळा-पांढरा फोटो काढायचे आणि मी बारीक कुंचल्याने त्यात रंग भरायची.

एकदा शेजारच्या गावचे एक गृहस्थ आपल्या भाचीला, वनिताला घेऊन आले. स्थळाकडे पाठवायला फोटो हवा होता. पोरगी भेदरून इतक्यांदा दाराकडे वळून पाहत होती, की यजमानांना दोनदा फोटो घ्यावा लागला.

"हास ना वं थोडी!" मामा खेकसले. "फोटो काढून राह्यले, दात नाई उपटून राह्यले!"

ती हसली नाही.

फोटो धुऊन आला, तेव्हा तो चेहरा पाहून मी दचकले. मग गालांवर गुलाबी रंग चढवला, ओठांना लाली दिली. डोळ्यांना हात लावला नाही. तरी भेदरलेली पोरगी एकदम लाजलेली दिसायला लागली. माझं मलाच कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी मामा पेढे घेऊन आले.

"वहिनी, तुमच्या फोटोनं काम केलं! पाहून मुलाकडचे लगेच हो म्हणाले. म्हणे, इतकी लाजरी पोरगी आजकाल भेटते कुठं?"

ते यजमानांशी बोलू लागले, तशी मागे उभी असलेली वनिता माझ्याजवळ सरकली.

"काकू, त्याची पहिली बायको विहिरीत सापडली," ती हळूच म्हणाली. "म्हणून मी भेव लपवलंच नाई. मले वाटलं, फोटो पाहून तेच नाई म्हणतीन."