पुन्हा वाकडं नाक

"हे नाक आहे की बटाटा?"

चित्रकार बाईंनी पातळ सुरी उचलली आणि म्हाताऱ्या नर्सच्या कॅनव्हासवरचा ओला चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत खरवडून काढला. वर्गातले बाकीचे आपापल्या रंगांत डोकं खुपसून बसले. दर शनिवारचंच होतं हे.

पाचशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याच्या बायकोचं तैलचित्र प्रत्येकाला हुबेहूब उतरवायचं होतं. आधी हिरवट थर, तो वाळला की वर कातडीचा रंग. नक्कल जमली की कॅनव्हास काखोटीला मारायचा आणि चालू पडायचं. पुन्हा प्रवेश नाही, हा बाईंचा नियम. बाकीचे आठ-नऊ महिन्यांत सुटत. नर्सचं तिसरं वर्ष चालू होतं.

"इंजेक्शनं तरी धड देत होतात का हो?" बाईंनी विचारलं.

"देत होते," म्हणत नर्सने नवा रंग कालवला.

शेजारी चित्र काढत बसलेल्या शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या बाहेर गेल्या.

नर्सने बारीक ब्रश उचलला. चारच फटकारे. कॅनव्हासवर नाक असं उभं राहिलं, की आता श्वास घेईल. शिंपी बघतच राहिला.

"अहो, तुम्हाला तर येतं!"

"गप्प बसा."

दाराशी पावलं वाजली. नर्सने अंगठ्याने ओलं नाक पसरवून वाकडं केलं.

बाई येऊन उभ्या राहिल्या. त्या अंगठ्याच्या ताज्या ठशाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पुन्हा बटाटा," त्या म्हणाल्या आणि सुरी उचलली.

वर्ग सुटल्यावर शिंप्याने नर्सला जिन्यातच गाठलं.

"मुद्दाम बिघडवता? आणि वर या बाईचं ऐकून घेता? शहरात दुसरे वर्ग नाहीत का?"

"आहेत की."

"मग? पुढच्या खेपेला चित्र पुरं करा, तिच्या तोंडावर फेका आणि मोकळ्या व्हा!"

नर्स कठडा धरून एक पायरी उतरली. थांबली.

"अकरा वर्षं झाली, माझी लेक माझा फोन उचलत नाही," ती म्हणाली. "इथे निदान शनिवारी माझ्याशी बोलते तरी."