मीटरकाकू

"खुर्ची होती तिथेच ठेव," आई म्हणाली. "ओढलीस की फरशीला चरे पडतात."

मुलीने खुर्ची जागेवर ठेवली. प्रवासातून येऊन तिला तास झाला नव्हता आणि पहिला खटका उडालाही होता. बाबा खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते.

ह्या वेळी ती बाबांना घेऊन जायचं ठरवूनच आली होती. आईला यायचं असेल तर आईलाही, पण आई येणार नाही हे तिला ठाऊक होतं. लेकीच्या घरी आईचं कोण ऐकणार?

इमारतीतली पोरं आईला मीटरकाकू म्हणत. जिन्याखाली सगळ्यांची विजेची मीटर होती आणि आई येता-जाता तिथे थांबून आपल्या मीटरकडे बघायची. चाक थांबलेलं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. काटकसरी ती पहिल्यापासूनच. साबणाची चिप नव्या वडीला चिकटवायची, जुनी पाकिटं उलटी करून वापरायची. त्याच काटकसरीवर आपलं शिक्षण झालं, हे मुलगी विसरली नव्हती. पण गेल्या दोन-तीन वर्षांत ह्या काटकसरीला काही धरबंधच उरला नव्हता.

आधी बाबांचं शिवणाचं दुकान गेलं. जागेचं भाडं परवडत नाही असं आईने ठरवलं, आणि आयुष्यभर कात्री चालवलेल्या माणसाने मुकाट्याने मशीन विकून टाकलं. मग टीव्ही गेला, कारण रेडिओला वीज कमी लागते. बाहेरच्या खोलीतला दिवाही आईने काढून ठेवला होता. बसायला आणि गप्पा मारायला उजेड लागतोच कशाला? आणखीही नवी कलमं निघाली होती. पेपर आई मोठ्यांदा वाचायची आणि बाबा ऐकायचे, कारण एका पेपराला दोन चष्मे म्हणजे उधळपट्टी. बाबांचे सगळे शर्ट पांढरे, कारण तिने अख्खा तागाच स्वस्तात उचलला होता. चहा अर्धा कप.

"कप तरी भरत जा गं," मुलगी सकाळी म्हणाली.

"भरला की सांडतो," आई म्हणाली, आणि कप बाबांच्या हातात दिला.

बाबांची मात्र कशालाच हरकत नव्हती. मुलीच्या ड्रेसची बाही दोन बोटांत धरून ते शिवण तपासत होते. टाके बरे आहेत, पण कापडात तुला फसवलंय, असा निकाल त्यांनी दिला आणि तो खरा होता. असला हात असलेला माणूस बायकोच्या चिकटपणापायी दिवसभर रेडिओ ऐकत बसतो, हे मुलीच्या घशाखाली उतरेना.

दुपारी तिने आईपाशी सरळ विषय काढला. माझ्याकडे स्वतंत्र खोली आहे, भरपूर उजेड आहे, बाबांना काही महिने पाठव. तुझा खर्चही वाचेल, असा टोलाही हाणून घेतला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला नाही.

"नव्या घरात ह्यांना करमायचं नाही."

"त्यांनाच विचारते ना."

"विचार की. पण माझ्यासमोर."

हीच तर मेख होती. आई दोघांना एकटं सोडतच नव्हती. बाबा उठले की ही उठायची. गच्चीवर जायचं तरी पुढे चपला फटफट वाजवत आई आणि मागे बाबा. त्यांच्या तोंडून तक्रार निघू नये म्हणूनच हा पहारा, अशी मुलीची खात्री पटली.

पण स्वस्ताईपुढे मीटरकाकूंचंही काही चालत नाही. बाजार उठायच्या वेळी भाजी पडत्या भावात मिळते, आणि लेक आलेली असताना घरात भाजी नव्हती. अंधारून आल्यावर आई पिशवी घेऊन निघाली. दारात जराशी घुटमळली. आलेच मी, तोवर काही उचकपाचक करू नकोस, असं बजावून गेली.

बाबा मोरीत हातपाय धूत होते. मुलीने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला बल्ब काढला, स्टुलावर चढून बसवला आणि बटण दाबलं. खोली लख्ख उजळली. भिंतीचे पोपडे दिसले, रेडिओवरची धूळ दिसली, आणि तिला उगाचच लढाई जिंकल्यासारखं वाटलं. स्टूल मात्र तिने होतं तिथेच ठेवलं. तेवढं तरी आईचं ऐकलं.

बाबा टॉवेलला हात पुसत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. बल्बबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. बायकोचा एवढा धाक, असं मनात येऊन मुलीला रडूच फुटणार होतं. ती त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, आई घरात नाहीये. आता तरी खरं सांगा. चला ना माझ्याकडे."

बाबांनी टॉवेलची घडी घालून मांडीवर ठेवली.

"इथे मला सगळं सापडतं गं," ते म्हणाले. "तुझ्याकडे पहिल्यापासून शिकावं लागेल. आता ह्या वयात नको."

"पण असे किती दिवस काढणार?"

"तुझी आई आहे तोवर माझं काही अडत नाही."

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला. तो आधी तिच्या खांद्याला लागला, मग केसांवरून फिरला.

"मघापासून तुझा आवाज रडवेला येतोय," ते हळूच म्हणाले. "अशी अंधारात बसू नकोस. आई येईपर्यंत खुशाल दिवा लाव, मी तिला सांगणार नाही."