सळईचं दुसरं टोक

“पुढचं बेअरिंग गेलंय,” सून तिसऱ्यांदा म्हणाली.

सासरे ढिम्म हलले नाहीत. ते तिच्याकडे पाठ करून, नांगरटीसाठी ट्रॅक्टरमागे जोडायच्या रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सपाशी गुडघे टेकून बसले होते. ट्रॅक्टरवाल्या काकूंनी इंजिन नुकतंच बंद केलं होतं. त्याआधी पाच मिनिटं गिअरबॉक्समधून खडी चावल्यासारखा आवाज येत होता, आणि सासरे, म्हणजे इथले मिस्त्री, लोखंडी सळईचं एक टोक त्यावर टेकवून, दुसरं दातांत धरून, डोळे मिटून बसले होते.

आजूबाजूच्या गावांत त्यांना सगळे कानसेन म्हणत. झाकण न उघडता यंत्राच्या पोटातलं सांगतात, अशी ख्याती. दुसरे मिस्त्री सळई कानाला लावतात, हे दातांत धरतात. नावाजलेल्या माणसाची लकब, तिला नावं कोण ठेवणार?

सून चहा द्यायला म्हणून आली होती आणि मग तिचा पाय निघेना. तिने हळूच गिअरबॉक्सला तळहात लावून पाहिला. बाजूला कोमट. पुढे, जिथे ट्रॅक्टरचा शाफ्ट जोडतात तिथे, चटका. तिचे वडील पंप दुरुस्त करायचे. पान्यांशी खेळतच ती मोठी झाली होती. चटका कुठे बसतो यावरून दुखणं कुठे आहे हे तिला कळायचं.

लग्नाला आठ महिने झाले होते. सासऱ्यांच्या या दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करायचं एवढीच तिची इच्छा, आणि तिने ती चार वेळा बोलून दाखवली होती. एकदा चहाचा कप ठेवताना, एकदा ते नळावर हात धूत असताना, दोनदा दाराआडून. सासऱ्यांशी बोलायचं म्हणून मान खाली आणि आवाज हळू. चारही वेळा हूं की चूं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “बाबांना बोलायचा कंटाळाच आहे गं. मनावर नको घेऊस.” तिने घेतलं. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचं काम चालून आलं होतं. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं होतं. पाने हातात धरायचे सोडून खोक्यात भरून विकायचे, या विचारानेच तिला रडू येत होतं.

मिस्त्री उठले. काकूंकडे वळून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “पुढचं बेअरिंग गेलंय!”

“वा! कानसेन ते कानसेन!” काकू म्हणाल्या.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्दन्‌शब्द तिचा होता, आणि तोही तिच्यादेखत पळवलेला!

तेल काढलं तर ते झिजलेल्या लोखंडाच्या किसाने चंदेरी चमकत होतं. झाकण निघालं, शाफ्ट बाहेर आला. बेअरिंगच्या एका रोलरचे तुकडे झाले होते. गिअरचे दात मात्र शाबूत होते. नवं बेअरिंग शोधायला मिस्त्री मागच्या खोलीत गेले, आणि सळई बाकावर राहिली.

सुनेने इकडेतिकडे पाहिलं आणि सळई उचलली. कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू होता. एक टोक त्याला लावून दुसरं तिने कानाशी धरलं. घुरघुर ऐकू आली. मग पदराने पुसून दातांत धरलं, आणि कॉम्प्रेसर थेट तिच्या डोक्यातच सुरू झाला! तिला हसू आलं. गंमत म्हणून तिने दोन्ही कानांत बोटं घातली. सळई दातांनीच रेटून धरली.

आवाज होता तस्साच.

तिने बोटं काढली. पुन्हा घातली. मग तिचं हसू थांबलं. या ऐकण्यात कानांचं कामच नव्हतं.

मिस्त्री बेअरिंग घेऊन आले आणि पाठमोरे बसून त्याला तेल लावू लागले. ती त्यांच्या मागे चार पावलांवर उभी राहिली. “बाबा!” ती मोठ्याने म्हणाली. ट्रॅक्टरवर बसलेल्या काकू दचकल्या. बाबा तेल लावत राहिले.

काकू सकाळपासून त्यांच्या तोंडासमोर उभ्या राहून, हातवारे करून, जबडा हलवून आवाजाची नक्कल करत होत्या, तेव्हा त्यांना सगळं कसं समजत होतं, हे आता तिला उमगलं. स्वतःची खाली घातलेली मान आठवून तिला कसंतरीच झालं.

बेअरिंग बसलं. मागे पातळ चकत्या घालून, काढून, मिस्त्रींनी गिअरच्या दातांमधली फट नेमकी जमवली. नवं तेल भरलं. इंजिन सुरू करण्याआधी शेवटचं म्हणून त्यांनी सळई दातांत धरली आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. चेहरा निवांत झाला.

सून त्यांच्यासमोर जाऊन बसली. गिअरबॉक्सवरचं टोक तिने उचललं आणि स्वतःच्या हनुवटीला घट्ट टेकवलं. दुसरं टोक अजून त्यांच्या दातांत होतं. ते बघतच राहिले.

“बाबा, मला तुमच्या हाताखाली काम शिकायचंय. शिकवाल?”

त्यांच्या भुवया वर गेल्या. सळई काढून त्यांनी बाजूला ठेवली, हात पुसले. काकूंकडे एकदा चोरून पाहिलं. मग कधी नव्हे ते अगदी हळू म्हणाले,

“शिकवीन की. पण आठ महिने विचारलं का नाहीस?”