गार इंजिन

आई गेल्यावर योगिताचे नाना आज अमळनेरहून सुरतला, तिच्याकडे कायमचे राहायला यायचे होते. सकाळीच त्यांची गोधडी उन्हाला टाकून ती शाळेत शिकवायला गेली. दुपारी धावतपळत घरी आली, तर दिलीप पलंगावर पेपर वाचत लोळलेला.

"अहो, नानांना आणायला नाही गेलात?"

"कसा जाणार? गाडीचं ऑइल तळाला गेलंय. कालपासून जागची हलवली नाही. येतील की रिक्षाने, लहान आहेत का?"

योगिता तशीच भर उन्हात नाक्यावर जाऊन ऑइलचा डबा घेऊन आली. ओतण्याआधी पातळी बघायची, तीही इंजिन गार असताना, हे नवऱ्यानेच तिला कौतुकाने शिकवलेलं. तिने बॉनेट उघडून ऑइलची पट्टी उपसली. पदराने पुसताना बोटं पोळली. तरी शिकवल्याप्रमाणे पुन्हा बुडवून काढली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं.

ती घरात आली. "अहो, माझे नाना कुठे आहेत?"



पेपर खाली न करता दिलीप म्हणाला, "परतीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळालीय त्यांना."